मूत्राचा सामू ५ असतानाही रक्तातील बायकार्बोनेट का घटते? पिट्स यांच्या १९४५ च्या प्रयोगावरून पडलेली शंका

ओंजळ

नमस्कार. मी शरीरक्रियाशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चर्चासत्रासाठी मी आम्ल-आम्लारी संतुलनातील मूत्रपिंडाचे कार्य हा विषय घेतला असून त्या निमित्ताने शरीरक्रियाशास्त्रज्ञ रॉबर्ट पिट्स यांचे काम वाचते आहे. वाचताना दोन ठिकाणी अडले आहे आणि कितीही वेळा पाने उलटली तरी गाठ सुटत नाही, म्हणून येथे विचारते.

पहिली शंका अशी. पिट्स आणि रॉबर्ट अलेक्झांडर यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात मूत्रपिंडाच्या नलिकांच्या पेशी हायड्रोजन आयन स्रवतात, हे दाखवून दिले. पाठ्यपुस्तकात या कामाची बोळवण एका वाक्यात केलेली असते: कुत्र्यांमध्ये आम्लता निर्माण करून त्यांना शिरेतून भरपूर फॉस्फेट दिले आणि मूत्रातील अनुमापनीय आम्ल, म्हणजे आम्लारी घालून मोजता येणारे आम्ल, मोजले. परंतु एवढा खटाटोप कशासाठी? रक्ताचा सामू ७.४ आणि मूत्राचा ५ असेल, तर मूत्रातील हायड्रोजन आयनांची संहती रक्ताच्या सुमारे २५० पट होते. नलिका हायड्रोजन आयन बाहेर टाकतात याला हा एवढा पुरावा पुरेसा नव्हता का?

दुसरी शंका रुग्णालयातली आहे. दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या एका रुग्णाचा गाळणदर (मूत्रपिंडे रक्तातून द्रव गाळण्याचा वेग) मिनिटाला साधारण १८ मिलिलिटर होता. त्याच्या मूत्राचा सामू ५.१ होता, म्हणजे मूत्र चांगलेच आम्लधर्मी होते, आणि तरीही रक्तातील बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल निष्प्रभ करणारा आयन, लिटरला १७ मिलिमोलपर्यंत उतरलेले होते. मूत्र आम्लधर्मी करण्याची क्षमता शाबूत आहे, असेच या आकड्यावरून वाटते. मग आम्ल शरीरात का साठले?

या दोन्ही शंकांच्या मुळाशी एकच चूक असावी असे मला राहून राहून वाटते, पण ती चूक नेमकी कोणती ते मात्र कळत नाही.

---

जुना_फळा

आपला अंदाज बरोबर आहे, चूक एकच आहे. आपण दोन्ही ठिकाणी सामूवरून राशीचा अंदाज बांधत आहात. सामू आपल्याला मोकळ्या हायड्रोजन आयनांची संहती सांगतो, पण दिवसभरात किती आम्ल शरीराबाहेर गेले, हे तो सांगत नाही. मी हा विषय बरीच वर्षे शिकवतो आहे आणि चांगले विद्यार्थीही नेमके येथेच अडखळतात, तेव्हा आकडेमोड सविस्तरच मांडतो.

नेहमीच्या मिश्र आहारावर प्रौढ माणसाच्या शरीरात, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १ मिलिमोल अनुड्डाणशील (वायुरूपाने न जाणारे) आम्ल तयार होते. प्रथिनांतील गंधकाचे सल्फ्युरिक आम्ल होते, हा त्याचा मोठा वाटा. कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांतून निघून जातो, हे आम्ल मात्र मूत्रपिंडांनाच बाहेर काढावे लागते. सत्तर किलो वजनाच्या माणसासाठी हा आकडा ७० मिलिमोल धरा. माणसाच्या मूत्राचा सामू फार तर ४.५ पर्यंत उतरतो आणि त्या सामूला एका लिटरमध्ये मोकळे हायड्रोजन आयन असतात ०.०३ मिलिमोलच्या आसपास. म्हणजे ७० मिलिमोल आम्ल मोकळ्या स्वरूपात टाकायचे झाले, तर दिवसाला दोन हजार लिटरांहून अधिक मूत्र तयार करावे लागेल. प्रत्यक्षात आपण दीड लिटरमध्ये हे काम उरकतो, कारण जवळजवळ सगळे आम्ल फॉस्फेटसारख्या बफरांना (हायड्रोजन आयन पकडून ठेवणाऱ्या पदार्थांना) चिकटून किंवा अमोनियमच्या रूपाने जाते. मूत्राचा सामू ५ आहे असे समजले, तर त्या मूत्रात बफर किती आहे हे समजल्याशिवाय आपल्याला आम्लाच्या राशीविषयी काहीच कळलेले नसते.

आता पिट्स यांच्याकडे वळू. त्या काळी मूत्र आम्लधर्मी कसे होते याविषयी तीन मते होती. पहिल्या मतानुसार नलिका काहीही स्रवत नाहीत. गाळलेल्या द्रवात आम्लधर्मी आणि आम्लारिधर्मी अशी दोन्ही फॉस्फेटे येतात, त्यांतले आम्लारिधर्मी फॉस्फेट नलिका परत शोषून घेतात आणि आम्लधर्मी फॉस्फेट मागे उरते. दुसऱ्या मतानुसार बायकार्बोनेट परत शोषले जाते आणि गाळलेल्या द्रवाबरोबर आलेले कार्बोनिक आम्ल मागे राहून मूत्राला आम्लधर्मी करते. तिसरे मत आयनांच्या अदलाबदलीचे होते. नलिकेच्या पेशी हायड्रोजन आयन आत सोडतात आणि त्याच्या मोबदल्यात सोडियम घेतात, असे हे मत सांगत होते. पिट्स यांचे गुरू होमर स्मिथ या मताच्या बाजूचे होते.

तिन्ही मतांनुसार मूत्र आम्लधर्मीच होते, हे येथे लक्षात घ्यावे. सामू ५ भरला म्हणून पहिले किंवा दुसरे मत खोटे ठरत नाही. एवढेच नव्हे, तर नेहमीच्या परिस्थितीत राशी मोजूनही ती खोटी ठरत नाहीत. हिशेब करून पाहा. माणसात दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. रक्तद्रवात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड लिटरला १.२ मिलिमोल असतो, म्हणजे दिवसाला सुमारे २१६ मिलिमोल कार्बोनिक आम्ल गाळून येऊ शकते. फॉस्फेट लिटरला १.१ मिलिमोल धरले तर दिवसाला २०० मिलिमोल गाळले जाते आणि ७.४ सामूला त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे ४० मिलिमोल, आम्लधर्मी रूपात असतो. आता मूत्रातील अनुमापनीय आम्ल किती असते? दिवसाला २० ते ३० मिलिमोल. याचा अर्थ, नलिकेने एकही हायड्रोजन आयन स्रवला नाही असे मानले तरी जमाखर्च बिनतक्रार जुळतो. चुकीची मते वर्षानुवर्षे टिकून राहिली ती यामुळेच.

पिट्स आणि अलेक्झांडर यांच्या बुद्धीची चमक मला येथे दिसते. या मतांना खोटे ठरण्याची संधीच मिळत नव्हती, ती संधी त्यांनी प्रयोगात निर्माण केली. कुत्र्यांमध्ये आधी आम्लता निर्माण केल्यामुळे नलिका मूत्र आम्लधर्मी करण्याचे काम जोमाने करू लागल्या. मग शिरेतून फॉस्फेट इतके दिले की ते परत शोषून घेण्याची नलिकांची मर्यादा केव्हाच ओलांडली गेली आणि गाळलेल्या फॉस्फेटपैकी बहुतेक मूत्रात उतरू लागले. समजा, रक्ताचा सामू ७.२ आहे. तेथे गाळलेल्या फॉस्फेटचा तीन दशांशाहून थोडा कमी भाग आम्लधर्मी असतो. मूत्राचा सामू ५.४ असेल, तर तेथे ९६ टक्के फॉस्फेट आम्लधर्मी रूपात सापडते. जे फॉस्फेट परत शोषलेच गेले नाही, ते निवडक शोषणामुळे आम्लधर्मी झाले असे कसे म्हणणार? त्या अतिरिक्त फॉस्फेटला हायड्रोजन आयन कोणीतरी दिलेला असलाच पाहिजे. शिवाय मोजलेले अनुमापनीय आम्ल हे गाळून आलेल्या सगळ्या कार्बोनिक आम्लापेक्षाही कितीतरी अधिक भरले. अशा रीतीने पहिली दोन्ही मते बाजूला पडली आणि अदलाबदलीचे मत उभे राहिले.

आपण ज्याला खटाटोप म्हणालात ते फॉस्फेट, म्हणून, या प्रयोगाचा प्राण आहे. नलिकेने स्रवलेला हायड्रोजन आयन लगेच पकडून ठेवणारे काहीतरी समोर असल्याखेरीज स्रवणाची एकूण राशी उघड होत नाही. बफर नसेल तर सामू झपाट्याने उतरतो, आतबाहेरच्या संहतीतील फरक वाढतो आणि पेशीतला हायड्रोजन आयन बाहेर ढकलणारा पंप अडतो.

एक दुरुस्तीही नोंदवतो, कारण चर्चासत्रात ती विचारली जाईल. हे स्रवण मुख्यतः नलिकेच्या दूरस्थ (गाळणीपासून लांबच्या) भागात होत असावे, असा त्या काळी समज होता. बेडकासारख्या उभयचरांवर सूक्ष्म नळीने केलेल्या १९३७ च्या अभ्यासातही मूत्र दूरस्थ भागातच आम्लधर्मी होताना आढळले होते. पुढे कार्ल गॉट्शॉक आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये उंदरांच्या नलिकांतून थेट द्रव काढून पाहिला, तेव्हा निकटस्थ भागातच द्रव आम्लधर्मी होऊ लागलेला दिसला. दिवसाला गाळल्या जाणाऱ्या सुमारे ४,३०० मिलिमोल बायकार्बोनेटपैकी ८० टक्क्यांहून अधिक बायकार्बोनेट याच भागात परत मिळवले जाते आणि तेही हायड्रोजन आयनांच्या स्रवणानेच. मात्र या कामात स्रवलेला हायड्रोजन आयन शरीराबाहेर जात नाही. गाळणीतून निसटलेले बायकार्बोनेट तेवढे पुन्हा हाती लागते. शरीरातून आम्ल खरोखर वजा होते ते त्यानंतरच्या ७० मिलिमोलमध्ये.

आपल्या रुग्णाची गोष्ट अमोनियमची आहे. त्यावर माझ्यापेक्षा अधिकाराने लिहू शकणारे सदस्य येथे आहेत, त्यांची वाट पाहतो.

---

परीक्षानळी

मी जीवरसायनशास्त्रात काम करते. वरील मांडणीशी मी पूर्णपणे सहमत आहे, तेथूनच पुढे जाते.

अनुमापनीय आम्लाला एक कुंपण आहे. फॉस्फेट किती मिळणार, हे आहारावर आणि हाडांच्या देवघेवीवर ठरते, शरीरातील आम्ल वाढले म्हणून ते हवे तेवढे वाढवता येत नाही. अमोनियमचे तसे नाही. निरोगी माणसात दिवसाला ३० ते ५० मिलिमोल अमोनियम मूत्रातून जाते आणि आम्लाचा भार टिकून राहिला, तर काही दिवसांत हा आकडा २०० च्या पुढे जाऊ शकतो. गरजेप्रमाणे बफर तयार करण्याची मूत्रपिंडाची ही एकमेव मोठी सोय आहे.

ही सोय मूत्रपिंडाचीच आहे, हे सिद्ध होण्यालाही इतिहास आहे. मूत्रातील अमोनिया रक्तातून गाळून येतो, असेच पूर्वी वाटत असे. थॉमस नॅश आणि स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी १९२१ मध्ये मूत्रपिंडात शिरणाऱ्या आणि तेथून बाहेर पडणाऱ्या रक्तातील अमोनिया मोजला. बाहेर पडणाऱ्या रक्तात तो अधिक होता, म्हणजे अमोनिया मूत्रपिंडातच तयार होत होता. तो कशापासून तयार होतो, याचे उत्तर डोनाल्ड व्हॅन स्लाइक आणि सहकाऱ्यांनी १९४३ मध्ये दिले: ग्लुटामिनपासून. पिट्स यांनी पुढची अनेक वर्षे याच प्रश्नाला वाहिली आणि ग्लुटामिनमधील कोणता नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने बाहेर पडतो, याचा खुणेच्या नायट्रोजनच्या मदतीने माग काढला. आज आपण असे शिकवतो की निकटस्थ नलिकेच्या पेशीत एका ग्लुटामिनपासून दोन अमोनियम आयन आणि दोन बायकार्बोनेट आयन तयार होतात. अमोनियम मूत्रात जाते आणि नवे बायकार्बोनेट रक्तात जाते.

हे शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. अमोनियम आयन शरीराच्या सामूला जवळजवळ आम्ल म्हणून वागतच नाही, कारण त्याची विघटनाची पातळी, म्हणजे ज्या सामूला त्याचे निम्मे आयन हायड्रोजन आयन सोडून देतात तो सामू, ९ च्या वर आहे. म्हणून अमोनियमने आम्ल वाहून नेले, असे म्हणण्यापेक्षा अमोनियम मूत्रात गेल्यामुळे नवे बायकार्बोनेट रक्तात टिकले, असे म्हणणे अधिक अचूक ठरते. तेच अमोनियम मूत्राऐवजी रक्तात परतले, तर यकृत त्याचे युरिया बनवताना तेवढेच बायकार्बोनेट खर्च करते आणि शिल्लक शून्यावर येते. तेव्हा मूत्रपिंडाने अमोनियम तयार केले, एवढ्यावर काम भागत नाही. ते मूत्रापर्यंत पोहोचावे लागते.

येथेही जुने स्पष्टीकरण बदलले आहे, ओंजळ यांनी ते अवश्य मांडावे. अमोनिया हा वायू पेशीपटलातून सहज झिरपतो, आम्लधर्मी मूत्रात शिरला की हायड्रोजन आयन पकडून अमोनियम होतो आणि मग परत जाऊ शकत नाही, असे चित्र पिट्स यांच्या पिढीने उभे केले. ते सुटसुटीत होते आणि त्यातला सामूचा भाग आजही खरा आहे. परंतु सहज झिरपण्याचा भाग पुरेसा नव्हता. संग्राहक नलिकेच्या (मूत्र गोळा करणाऱ्या शेवटच्या नलिकेच्या) पेशींत अमोनिया पलीकडे नेणारी ऱ्हीसस कुळातील प्रथिने असतात. ज्या उंदरांत यांपैकी आरएचसीजी हे प्रथिन नव्हते, त्यांच्या मूत्रात आम्लाच्या भाराखाली अमोनियम पुरेसे उतरेना, हे २००८ मध्ये दाखवले गेले. रक्तगटामुळे ज्या प्रथिनकुळाचे नाव आपल्याला परिचित झाले, त्याच कुळातील प्रथिने मूत्रपिंडात हे काम करतात, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला विलक्षण आनंद झाला होता.

---

ओंजळ

दोघांचेही मनापासून आभार. फॉस्फेटचा हिशेब कागदावर स्वतः करून पाहिला आणि पहिली शंका पूर्ण फिटली.

दुसऱ्या शंकेविषयी मला आता जे समजले ते लिहिते, चुकत असल्यास सांगावे. त्या रुग्णाच्या उरलेल्या नेफ्रॉनांतील (गाळणी आणि नलिका मिळून होणाऱ्या मूत्रपिंडाच्या एककांतील) पंप चांगले चालत आहेत, म्हणून सामू ५.१ पर्यंत उतरतो. परंतु नेफ्रॉनच थोडे उरल्यामुळे एकूण अमोनियम कमी तयार होते. बफर कमी असल्यामुळे थोड्याशा हायड्रोजन आयनांनीही सामू खाली जातो. म्हणजे तो कमी सामू मूत्रपिंडाच्या क्षमतेची खूण नसून, उलट, बफराच्या टंचाईची खूण आहे. असे असेल तर रुग्णाच्या बाबतीत नेमके काय मोजावे आणि जे मोजले त्याचा उपचाराशी काय संबंध आहे?

---

रात्रपाळी

आपले आकलन अचूक आहे. मी मूत्रपिंडविकारांचा चिकित्सक आहे. आपण जो निष्कर्ष काढला, तो रुग्णांवरील मोजमापांतून पद्धतशीरपणे मांडणारा शोधनिबंध ऑलिव्हर राँग आणि हॉवर्ड डेव्हिस यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. पिट्स यांच्या प्रयोगशाळेतील विचार रुग्णाच्या खाटेपर्यंत आणणारे काम म्हणून मी त्याकडे पाहतो.

त्यांनी रुग्णांना वजनाच्या दर किलोमागे ०.१ ग्रॅम अमोनियम क्लोराइड तोंडावाटे दिले आणि पुढील काही तास दर तासाच्या मूत्रात सामू, अनुमापनीय आम्ल आणि अमोनियम अशा तिन्ही गोष्टी मोजल्या. निरोगी माणसात सामू ५.३ च्या खाली जातो. तिन्ही मोजल्यामुळे दोन अगदी वेगळे आजार एकमेकांपासून सुटे झाले. ज्यांची मूत्रपिंडे एकंदर झिजलेली होती, त्यांच्या मूत्राचा सामू व्यवस्थित उतरत होता, पण अमोनियम फार कमी होते. नलिकाजन्य आम्लतेच्या रुग्णांत गाळणदर बरा असूनही सामू ५.३ च्या खाली जाईना आणि त्या सामूच्या मानाने अमोनियम मात्र फारसे कमी नव्हते. पहिल्या गटात बफर कमी पडतो, दुसऱ्या गटात पंप कमी पडतो. नुसता सामू पाहिला असता, तर पहिल्या गटातील रुग्ण ठणठणीत वाटले असते.

राँग यांनी दुसऱ्या गटाचा पाठपुरावा आयुष्यभर केला. नलिकाजन्य आम्लता असलेल्या काही कुटुंबांत लाल पेशीच्या पटलावरील बँड ३ या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो, असे दाखवणाऱ्या १९९७ च्या शोधनिबंधातही ते सहलेखक होते. तेच प्रथिन थोड्या आखूड रूपात संग्राहक नलिकेच्या पेशीतून बायकार्बोनेट रक्तात सोडते. १९५९ मध्ये मूत्राच्या बाटल्यांतून दिसलेला दोष जवळजवळ चार दशकांनी जनुकात सापडला, आणि दोन्ही वेळा शोधणाऱ्यांत तोच माणूस होता.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. मोजावे ते अमोनियम, पण बहुतेक प्रयोगशाळा मूत्रातील अमोनियम मोजून देत नाहीत. त्याऐवजी मूत्रातील सोडियम आणि पोटॅशियमच्या बेरजेतून क्लोराइड वजा करून अंदाज बांधण्याची पद्धत आहे. अतिसारामुळे आलेली आम्लता आणि नलिकाजन्य आम्लता यांत फरक करायला ती उपयोगी पडते. मात्र गाळणदर फार उतरलेला असेल, तर मूत्रातील इतर ऋण आयनांमुळे हा अंदाज फसतो. आपल्या रुग्णासारख्या ठिकाणी मी त्यावर विसंबणार नाही.

अमोनियम मोजल्याने रक्तात दिसत नाही तेही दिसू शकते. उच्च रक्तदाबामुळे मूत्रपिंडविकार झालेल्या आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासातील नमुने पुन्हा तपासून २०१७ मध्ये असे दाखवण्यात आले की ज्यांच्या मूत्रात दिवसाला २० मिलिमोलहून कमी अमोनियम होते, त्यांच्यात मृत्यू किंवा डायलिसिसची वेळ येण्याचा धोका अधिक होता, आणि रक्तातील बायकार्बोनेट अजून घटलेले नव्हते अशांनाही ते लागू होते.

उपचाराच्या बाबतीत मला अधिक सावधपणे लिहिले पाहिजे. बायकार्बोनेट दिल्याने मूत्रपिंडाची झीज मंदावते, या आशेला एक सबळ तात्त्विक आधार होता. कार्ल नॅथ, मार्गारेट हॉस्टेटर आणि थॉमस हॉस्टेटर यांनी १९८५ मध्ये असे मांडले की नेफ्रॉन कमी उरले की प्रत्येक नेफ्रॉनला आपल्या वाट्यापेक्षा जास्त अमोनिया तयार करावा लागतो आणि तो साठलेला अमोनिया रक्तातील पूरक प्रथिनांना (प्रतिकारशक्तीच्या प्रथिनांना) चेतवून आजूबाजूच्या ऊतीला इजा करतो. ज्या उंदरांचे मूत्रपिंड बरेचसे काढून टाकले होते, त्यांना बायकार्बोनेट दिल्यावर ही इजा कमी झाली. त्यानंतर २००९ मध्ये लंडनमधील १३४ रुग्णांच्या चाचणीत आणि २०१९ मध्ये इटलीतील ७४० रुग्णांच्या चाचणीत बायकार्बोनेट घेणाऱ्यांची मूत्रपिंडे अधिक टिकली. इटलीतील चाचणीत रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड झिजले की वाढणारा पदार्थ) दुप्पट होण्याचे प्रमाण ६.६ टक्के होते, तर नेहमीच्या उपचाराच्या गटात ते १७ टक्के होते.

मात्र या दोन्ही चाचण्यांत कोणाला औषध मिळते आहे, हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक होते. ब्रिटनमध्ये साठीच्या पुढच्या ३०० रुग्णांवर बनावट गोळीशी तुलना करून झालेल्या चाचणीत, २०२० मध्ये, कोणताही लाभ दिसला नाही. आतड्यातच आम्ल बांधून घेणाऱ्या वेव्हेरिमर या औषधाच्या सुमारे दीड हजार रुग्णांच्या चाचणीतही झीज मंदावली नाही. तिच्यात दोन गटांच्या बायकार्बोनेटमध्ये जेमतेम १ मिलिमोलचाच फरक पडला होता, त्यामुळे तिच्या निकालातून अमोनियाचे तत्त्वच खोटे ठरले, असे मी म्हणणार नाही. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी मात्र यातून धडा घेतला. २०१२ मध्ये बायकार्बोनेट २२ च्या खाली गेल्यास उपचार सुचवला जात असे. २०२४ च्या सूचनांत ते १८ च्या खाली जाऊ नये म्हणून उपचाराचा विचार करावा, अशी भाषा आहे. १७ हा आकडा दोन्ही मोजपट्ट्यांवर उपचाराच्या बाजूला पडतो, परंतु सोडियमचा भार, सूज आणि रक्तदाब पाहून निर्णय त्या रुग्णाच्या डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो.

---

ओंजळ

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, म्हणून धीर करून एक हिशेब मांडते. तो जुळत नाही.

त्या रुग्णाचे वजन ६० किलो आहे. दिवसाला ६० मिलिमोल आम्ल तयार होते असे धरले आणि मूत्रावाटे अनुमापनीय आम्ल व अमोनियम मिळून ४० मिलिमोल जाते असे मानले, तर रोज २० मिलिमोल शिल्लक राहते. पेशीबाह्य द्रव १२ लिटर आणि त्यात लिटरला १७ मिलिमोल, म्हणजे बायकार्बोनेटचा साठा सुमारे २०० मिलिमोल झाला. तो दहा दिवसांत संपायला हवा. पण त्या रुग्णाचे बायकार्बोनेट गेले आठ महिने १७ च्या आसपास स्थिर आहे. उरलेले आम्ल जाते कोठे?

---

जुना_फळा

हा प्रश्न आपल्याला स्वतःहून पडला, याचा मला फार आनंद झाला. जेकब लेमन आणि सहकाऱ्यांना १९६० च्या दशकात हाच प्रश्न पडला होता. त्यांनी निरोगी स्वयंसेवकांना बरेच दिवस अमोनियम क्लोराइड दिले आणि आम्लाचा रोजचा जमाखर्च काटेकोरपणे ठेवला. बायकार्बोनेट खाली येऊन स्थिरावले, तरीही रोज थोडे आम्ल शरीरात राहतच होते, आणि त्याच वेळी मूत्रातून कॅल्शियम अधिक जात होते. याच गटाने १९६७ मध्ये दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांवर तोच हिशेब केला. स्थिर बायकार्बोनेट असलेल्या त्या रुग्णांत आम्ल साठत होते आणि शरीरातील कॅल्शियम घटत होते. आम्लतेवर उपचार केल्यावर कॅल्शियमची ही गळती कमी झाली. उरलेले आम्ल हाडांतील क्षार शोषून घेतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

यावर आक्षेपही घेतला गेला आहे. इतके आम्ल रोज हाडांनी झेलायचे, तर काही वर्षांत हाडांतील क्षार संपून जायला हवेत, पण बहुसंख्य रुग्णांत तसे होत नाही. आहारातून मिळणारे आम्लारी मोजणे अवघड असते, त्यामुळे रोजची शिल्लक प्रत्यक्षाहून मोठी दिसत असावी, असे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे आहे. आक्षेपात मला तथ्य वाटते, पण हाडांचा वाटा शून्य आहे, असे मात्र मला वाटत नाही.

आपल्या हिशेबातील ६० आणि ४० हे दोन्ही आकडे गृहीत धरलेले आहेत. मूत्रपिंडविकारात रुग्णाचे प्रथिनांचे सेवन बहुधा कमी झालेले असते, त्यामुळे पहिला आकडा ४५ सुद्धा निघू शकतो. चोवीस तासांच्या मूत्रातील सल्फेट मोजता आले, तर त्यावरून आम्लाच्या उत्पादनाचा बराच चांगला अंदाज येईल. रुग्णाची आणि विभागाची संमती मिळत असेल, तर त्याच बाटलीतून सल्फेट, अनुमापनीय आम्ल आणि अमोनियम अशा तिन्ही गोष्टी मोजून पाहा.

---

परीक्षानळी

अमोनियम मोजायचे असल्यास एक सूचना करते. रक्तातील अमोनिया मोजण्याची विकरावर आधारलेली पद्धत मूत्रासाठीही वापरता येते, मात्र मूत्र बरेच पातळ करून घ्यावे लागते, नाहीतर आकडा यंत्राच्या मर्यादेबाहेर जातो. बाटली चोवीस तास थंड जागी ठेवावी. मूत्रात जंतू वाढले तर ते युरियापासून अमोनिया तयार करतात, आणि मग मूत्रपिंडाने न केलेले काम त्याच्या खात्यात जमा होते.

---

ओंजळ

सल्फेटचे माझ्या मनातही आले नव्हते. मार्गदर्शकांशी बोलून रुग्णाच्या आणि विभागाच्या संमतीसाठी आजच अर्ज करते. आकडे हाती आले की याच ठिकाणी मांडेन.